किल्लारीला नेलेला डायनोसोर

नांदेडहून निघताना डायनोसोरची मान टेम्पोत मावेना. शेवटी ती केबिनवरून पुढे काढली, टोकाला लाल फडकं बांधलं आणि मी चालक गफूरभाईंच्या शेजारी बसले. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीत शाळाशाळांतून भाषणं ठोकत हिंडते. हे फायबरचं धूड किल्लारीच्या शाळेसाठी होतं. असले प्राणी एके काळी आमच्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, तेलंगणात चरत होते. तिथे त्यांची हाडं सापडली आहेत. खरा प्राणी एस.टी.पेक्षा लांब, आमचा निम्म्या मापाचा.

अहमदपूरला स्टँडजवळ सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली झणझणीत फोडणी) खाल्ली. तेवढ्यात टेम्पोभोवती ही गर्दी जमली.

"काय खातंय हे?" पटका बांधलेल्या एका आजोबांनी विचारलं.

"झाडपाला. दिवसभर."

"रवंथ करतंय?"

"नाही हो. ओरबाडायचं आणि गिळायचं. मग पोटात आंबत पडायचं सगळं. म्हणून तर पोट एवढं."

"म्हंजे माझ्या मेव्हण्यावानीच हाय की," गफूरभाई म्हणाले. आजोबा पोट धरून हसले.

औशाच्या पुढे उसाची ट्रॉली अचानक थांबली. गफूरभाईंनी ब्रेक दाबला, तरी आमच्या डायनोसोरचं तोंड थेट उसात. ट्रॉलीवाला उतरून मागे आला. मी कसली संधी सोडते! अंग जागचं हलवायचं नाही, नुसती मान फिरवून पोहोचेल तेवढं खायचं, हीच याची रीत, असं त्याला समजावलं.

"खाऊन झालं असंल तर मागं घ्या," तो शांतपणे म्हणाला.

किल्लारी म्हणजे १९९३च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेलं गाव. सरळ रस्ते, आखून दिलेली घरं. शाळेतल्या वंदनाबाई वर्षभर या प्राण्यासाठी सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. अंगणात पोरं बसली होती, पुढे वंदनाबाईंची आई. मी नेहमीच्या वाक्यानेच सुरुवात केली : "हा चालायला लागला की धरणी हादरायची."

पोरं खूश झाली. आई मात्र उठल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. वंदनाबाईंचा चेहरा उतरला.

"आईला नको असंल तर मी हे इथं न्हाई ठेवणार, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या.

कुठे काय बोलावं याचं भान मला राहिलं नव्हतं. फार लाज वाटली.

वंदनाबाईंच्या आई बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. मी शेजारी टेकले.

"भुई हालायची व्हय खरंच?"

"नाही मावशी. ते मी पोरांसाठी वाढवून सांगते. त्याच्या तळव्याला हत्तीसारखी चरबीची गादी होती. संथ चालायचा."

मावशींनी हाताने जमीन चाचपली. मग म्हणाल्या, "आन् पिल्लं?"

"अंडी मातीत पुरायची आणि आई निघून जायची. पिल्लं आपली आपण माती उकरून वर यायची."

मावशींनी शाळेकडे बघितलं. वंदनाबाई एकेका पोराला शेपटीवरून खाली उतरवत होत्या.

"हिला बी मातीतनंच वर काढलं. पाळण्यातली हुती. रडत बी नव्हती," मावशी म्हणाल्या. "आता बघा, दिसभर बोलत असती." मग पदर सावरत उठल्या. "चला. ऱ्हाऊ द्या त्याला. पोरास्नी ते पिल्लांचं सांगा."

रिकाम्या टेम्पोतून नांदेडला परतताना मी फार खुशीत होते. इतकी वर्षं मी या प्राण्याचं वजन सांगत आले. पुढच्या शाळेत सुरुवात अंड्यापासून करणार आहे.