भिंत जिथं संपते

आमच्या हातकणंगल्याचा पिराजी डंपर चालवतो. वीस वर्षं खाणीतला काळा दगड वाहतोय, पण दगड कुठं टाकावा हे त्याला कधी कुणी विचारलं नाही. ड्रायव्हरला कोण विचारतो? मला राग येतो तो याचाच.

तीन वर्षांपूर्वी त्याला कोकणातलं भाडं मिळालं. मालवणच्या बाजूच्या एका गावात धूपप्रतिबंधक बंधारा होणार होता. पावतीवरचा शब्द वाचून पिराजीला वाटलं, देवळाचं काम असेल, आत धूप जाळायला बंदी असेल. तिथं पोचल्यावर कळलं, लाटा किनारा खातात त्यालाही धूपच म्हणतात.

फोंड्याचा घाट उतरून तो दिवसाआड जायचा. गाडी रिकामी करायचा नंबर लागेपर्यंत किनाऱ्यालगतच्या शालूबाईंच्या पडवीत बसायचा. एकट्या राहणाऱ्या या म्हाताऱ्या बाईंनी त्याला समुद्र शिकवला. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि थंडीत हळूहळू परत आणून टाकतात. वाळूचा पट्टा रुंद असला की लाट तिथंच दमते, घरापर्यंत येत नाही.

कामाच्या नकाशात बंधाऱ्याची भिंत शालूबाईंच्या घराच्या वीस पावलं अलीकडे संपत होती. आमच्याकडे ओढ्याची कड दगडानं बांधली की बांधकाम संपतं तिथं पाणी वळतं आणि शेजाऱ्याचं रान कातरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पिराजी कामावरच्या साहेबांकडे गेला.

"सायेब, भिंतीला आपटून लाट कडंला वळणार की. म्हातारीच्या घराखालची वाळू ऱ्हाईल व्हय? भिंत फुडं न्या, न्हायतर लांबच थांबवा."

साहेब हसले. "तू डंपर चालव. भूगोल आम्ही शिकलोय."

शिकले होते म्हणे. पिराजीनं मुकाट्यानं दगड ओतला. तेवढ्यासाठी तो स्वतःला अजून माफ करत नाही, आणि मीही त्याची समजूत घालायला जात नाही.

पहिल्याच पावसाळ्यात भिंतीच्या टोकापाशी लाटांनी किनारा विळ्यासारखा कोरला. माड आडवे झाले, मग पडवी गेली. दुसऱ्या पावसाळ्यात घर गेलं. शालूबाई कुडाळला भाचीकडे निघाल्या तेव्हा उरलंसुरलं सामान न्यायला पिराजी रिकामी गाडी घेऊन गेला. चूल कुठं होती ते शालूबाईंनी पाण्याकडे बोट करून दाखवलं. भिंत तसूभरही हलली नव्हती.

"तुमचे दगड मात्र जाग्यार हत हां," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

परवा माझ्यासमोरच त्याचा फोन वाजला. तेच साहेब. शालूबाईंचं घर वाचवण्यासाठी भिंतीचा पुढचा टप्पा मंजूर झाला होता. कागदावर घर अजून उभं होतं. दगड कधी आणतोस, असं विचारत होते.

पिराजी म्हणाला, "आणतो की सायेब. फकस्त घर कुठं हाय तेवढं तुमी येऊन दावा."