लशींच्या फ्रिजची रविवारची सुट्टी

खोटं लिहायचंच असेल तर कॅलेंडर समोर ठेवून लिहावं, ही अक्कल मला रियाधमध्ये आली, आणि तीही पार उशिरा. तोवर मी एका खाजगी पॉलिक्लिनिकमध्ये नर्स होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

आमच्या दवाखान्याची आरोग्य खात्याकडून एकदा तपासणी होऊन गेली होती. आम्ही त्यात सपशेल नापास. चुकांची यादी मॅनेजरने कुणाला वाचू दिली नाही, पण तिला स्टेपलर पुरेना एवढं आम्ही पाहिलं. पुन्हा येऊ, सुधारणा दिसली नाही तर कुलूप, असं बजावून ते लोक गेले.

कुलूप लागलं तर डॉक्टरांना दुसरे दवाखाने होते. माझं तसं नव्हतं. नवऱ्याची रियाधच्या ओलाया भागातल्या एका ऑफिसातली नोकरी नुकतीच गेली होती, आणि तो व आमची दीड वर्षांची मुलगी, दोघंही माझ्या इकाम्यावर होते. इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, आणि माझा कफील, म्हणजे तो परवाना ज्याच्या नावावर मिळतो तो मालक, हा दवाखाना. तो बुडाला की आम्ही तिघांनीही बॅगा भरायच्या. त्यामुळे दवाखाना वाचवायचं मी अगदी मनावर घेतलं होतं.

मॅनेजर हैदराबादचा, गोड बोलून काम काढून घेणारा. त्याने तयारी अशी काढली की विचारू नका. मुदत संपलेलं सामान त्याच्या गाडीच्या डिकीत गेलं. वेटिंग रूममध्ये कुंड्या आल्या, त्यातली झाडं प्लॅस्टिकची. हात धुण्याची अरबी पोस्टर्स बेसिनवर लावायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातलं एक मी उलटं लावलं. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे ते किती जण वाचत होते बघा.

मग तक्रारपेटी. ती अगदी रिकामी दिसली तर संशय येईल, म्हणून दोन सौम्य तक्रारी आपणच टाका असा हुकूम सुटला. "ज़्यादा तीखा मत लिखना, सिस्टर," मॅनेजर म्हणाला. मी लिहिलं की मॅनेजर फार कष्ट करतात, त्यांनी थोडी विश्रांती घ्यावी, शक्यतो घरी. त्याला ते इतकं आवडलं की त्याने स्वतः घडी घालून पेटीत टाकलं.

खरी रड होती ती फ्रिजची. लहान मुलांच्या लशी ठेवायचा फ्रिज, पण त्यात आमचे डबे, मॅनेजरची ताकाची बाटली, कुणाचं तरी लोणचं, सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं. पहिल्या तपासणीनंतर डबे बाहेर निघाले. फ्रिज मात्र थंड व्हायचं नाव घेईना. आतला पारा दोन ते आठच्या मध्ये हवा, आणि आमचा कधी अकरा, कधी तेरा. मी मॅनेजरला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "इन्स्पेक्शन निकल जाने दो, नया लेंगे."

तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. ती माझी चूक, आणि ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही.

रोज दोनदा तापमान लिहायचा तक्ता फ्रिजच्या दारावर असतो. आमचा कोरा होता. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजरने तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आपकी हैंडरायटिंग अच्छी है." मी महिनाभराचं तापमान पाऊण तासात लिहून काढलं. चार, पाच, चार, साडेचार. मध्येच पेन बदलला, दोनदा मुद्दाम खाडाखोड केली, एका कोपऱ्यावर चहाचा डागही पाडला. आपल्या कलाकारीवर मी बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी आलेली इन्स्पेक्टर तिशीची सौदी बाई होती. शांत, इंग्रजी उत्तम, आणि घाई अजिबात नाही. तिने प्लॅस्टिकच्या झाडाचं पान चिमटीत धरून सोडलं. उलट्या पोस्टरसमोर मान वाकडी करून उभी राहिली. मग लशींच्या खोलीत येऊन तक्त्यावर बोट फिरवू लागली.

"शुक्रवारी दवाखाना उघडा असतो?" तिने विचारलं.

"नाही," मॅनेजर अभिमानाने म्हणाला.

"मग चारही शुक्रवारी दोन्ही वेळा तापमान कुणी लिहिलं?"

तिचं बोट पुढे सरकलं. "आणि रविवार सगळे कोरे. रविवारी तर तुम्ही कामावर असता. फ्रिज रजेवर होता का?"

आता काय सांगू तिला? बालवाडीपासून नर्सिंगपर्यंत माझ्या हजेरीत रविवार कोराच राहिला होता. इथं येऊन तीन वर्षं झाली, दर शुक्रवारी मी घरी लोळते, दर रविवारी युनिफॉर्म चढवते. पण खोटं लिहायला बसले तेव्हा हात आपला थेट सांगलीच्या शाळेत जाऊन बसला. मला हसू आलं, आणि मेलं ते आवरेचना. बाईचेही ओठ हलले, पण तिने ते लगेच मिटले.

"नवीन आहे, चूक झाली," मॅनेजर तिला म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी नवीन झाले.

तिने फ्रिज उघडला. पारा तेरावर. मॅनेजर म्हणाला, आत्ताच उघडला म्हणून चढला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "तुला मूल आहे?"

"एक मुलगी आहे. दीड वर्षांची."

"तिच्या लशी इथंच दिल्यास? स्टाफला फुकट असतील ना?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. मॅनेजर तोच शब्द माझ्याकडून वदवून घ्यायच्या बेताने जोरजोरात मान हलवत होता. मला तीन पासपोर्ट दिसत होते, घरी नवरा दिसत होता.

"नाही," मी म्हणाले. "तिला मी दुसरीकडे नेते."

ती कागदावर लिहीत बसली. मला स्वतःची अशी लाज वाटली की आजही सांगताना तोंड वर करवत नाही. माझी पोर दुसरीकडे, आणि लोकांच्या पोरांना या हातांनी मी तेरा डिग्रीतलं टोचत होते.

त्याच दुपारी दवाखान्याला कुलूप लागलं. मॅनेजर मला म्हणाला, "खलास. आपने सबको डुबा दिया." बाईने जाण्यापूर्वी त्या फ्रिजमधली लस घेतलेल्या मुलांची यादी माझ्या हातात दिली. प्रत्येक आईला फोन करून सांगायचं, डोस पुन्हा घ्यावा लागेल, सरकारी केंद्रावर या.

पहिलाच नंबर रत्नागिरीकडच्या एका बाईचा. नवरा इथं छोटं दुकान चालवायचा, बाळ चार महिन्यांचं. लस टोचून घेताना ती माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून मुद्दाम रेंगाळायची. मी तिला सगळं सांगितलं. फ्रिज, तक्ता, माझं अक्षर. शिव्या खायच्या तयारीनेच बसले होते.

बाळाच्या जिवाला काही धोका नाही ना, एवढं तिने दोनदा विचारून घेतलं. मी नाही म्हणाले.

"दवाखाना बंद झाला म्हणता," ती म्हणाली. "मग ताई, तुमच्या इकाम्याचं काय?"

मी तिला केंद्राचा पत्ता दोनदा सांगितला, दुसऱ्या वेळी नीट सांगता आला, आणि यादीतला पुढचा नंबर लावला.