बारा नंबरचा मुलगा

तर सूनबाईने त्या दुपारी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तशीच स्वयंपाकघरात आली, खांद्यावरची पिशवी ओट्यावर टाकली आणि मला म्हणाली, "बाबा, बारा नंबरचा मुलगा नाहीये."

काल गोष्ट सांगताना इथवर आलो आणि नेमके पाहुणे टपकले, म्हणून राहिलं. माझ्या हातातला कप हातातच राहिला. म्हटलं, "अगं, काय झालं त्याला? कधी गेला?"

"गेला नाही हो. जायला आधी असावं लागतं. तो कधी नव्हताच."

आता ज्यांना बारा नंबरचा मुलगा ठाऊक नाही त्यांना मी का हबकलो ते कळायचं नाही. आमच्या घरात त्या मुलाचं नाव रोज निघायचं. नाव म्हणजे नंबरच, सूनबाईच्या यादीतल्या त्या घराचा. खरं नाव सूनबाईने आम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तिच्या संस्थेचा तसा दंडक होता.

ही संस्था म्हणजे माणसांचा अभ्यास करणारी. लग्नाआधी तिने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टरकी असेल. मी पडलो गावच्या शाळेतला, मास्तरांनी शिकवलं तेवढंच येणारा. मग एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला मी तिथे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतीभर शहराचा नकाशा, त्यात रंगीत टाचण्या, आणि खिडकीत बसून कुणाशी तरी वाद घालणारे एक टक्कल पडलेले प्रोफेसर. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. संस्था त्यांनीच काढलेली. मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही इथं करता तरी काय?" माणूस मोकळा. म्हणाले, "आजोबा, बाकीचे दर वेळी नव्या लोकांना प्रश्न विचारतात. आम्ही त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातो. पोरं मोठी होताना बघतो, म्हातारी माणसं जाताना बघतो. दिवस पालटतात म्हणजे नक्की काय होतं, ते असं कळतं." मला तेव्हा नातवंडं नव्हती, तरी आजोबा म्हणाले, टक्कल त्यांना आणि आजोबा मी.

पुढे संस्थेला सरकारी मदत मिळाली, स्वतःची इमारत झाली, वाचनालय झालं, मोठे सर भिंतीवरच्या फोटोत गेले. पण काम तेच. दर काही वर्षांनी एक फेरी निघायची. सूनबाई आपल्या वाट्याच्या घरांत जायची. पद्धत ठरलेली होती. दारात गेल्यावर मागच्या फेरीत सांगितलेली माणसं एकेक करून वाचून दाखवायची आणि विचारायचं, आहेत का, कुठे आहेत, काय करतात. सांगतील ते लिहायचं. कपाळाला आठी घालायची नाही आणि खरंखोटं करत बसायचं नाही. मोठे सर म्हणायचे, आपण पोलीस नाही.

बारा नंबरात नवरा, बायको आणि एक तान्हा मुलगा. आमच्या नातवाच्या बरोबरीचा. पहिल्या फेरीला तो आत झोपला होता. पुढे शाळेत गेला. पुढे तर वर्गात पहिला आला, आणि तिथून आमच्या नातवाचे ग्रह फिरले. गणितात भोपळा आणला की सूनबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "त्या घरी दिवा लावून अभ्यासाला बसतो म्हणे, आणि आमचे चिरंजीव बघा." कधीमधी नातू पण वैतागून म्हणायचा, "आई, बारा नंबरला दत्तकच घेऊन टाक. मी जातो तिकडे राहायला."

मध्येच एका फेरीला त्या घरचा कर्ता पुरुष वारल्याचं कळलं. सूनबाई त्या दिवशी जेवली नाही. मीही हळहळलो. माझ्याहून लहान माणूस, बिचारा. पण त्या माउलीने एकटीने पोराला शिकवलं, वसतिगृहात ठेवलं, इंजिनियर केलं. संस्थेने एकट्या आयांच्या घरांवर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात या घरावर चांगली पाच-सहा पानं आहेत. ती लिहिणारी पोरगी आज तिथली संचालक आहे. सगळे तिला मॅडम म्हणतात.

आता माझा कप हातातच का राहिला ते लक्षात आलं ना?

मी सूनबाईला बसवलं, पाणी दिलं. तिचा चेहरा पांढराफटक. ही तिची निवृत्तीआधीची शेवटची फेरी. यंदा संस्थेने नवीन प्रश्न घातला होता: घर सोडून गेलेल्या मुलांचे फोन नंबर घ्या, आपण त्यांच्याही घरी जाऊ. बारा नंबरच्या बाई आता चांगल्या म्हाताऱ्या झाल्यात. नेहमीसारखा चहा ठेवला, माणसं वाचून झाली, सगळी उत्तरं झाली. सूनबाईने मुलाचा नंबर मागितला. बाई म्हणाल्या, त्याला वेळ नसतो. ही म्हणाली, रविवारी करू. बाई म्हणाल्या, तो रागीट आहे. ही हसली, "मावशी, एवढ्या वर्षांत तुम्ही त्याला एकदाही रागीट म्हणाला नाहीत."

त्यावर बाईंनी चहाचे कप उचलून पुन्हा खाली ठेवले. मग म्हणाल्या, "त्याचा नंबर मी कुठून आणू गं?"

आणि मग सगळं बाहेर पडलं. सूनबाईने मला जसं सांगितलं तसं सांगतो. बाई म्हणाल्या, "तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी इथे नवीन, एकटी. दारात अनोळखी बाई, हातात कागद, विचारतेय घरात कोण कोण असतं. एकटी आहे असं कोण सांगेल? नवरा आहे म्हटलं. तू विचारलंस, मूलबाळ? तर म्हटलं, आहे, आत झोपलंय, हळू बोल. म्हणजे तू लवकर जाशील. मला काय माहीत तू परत येणार आहेस? परत आलीस ती सगळ्यांना वाचून दाखवत. इतक्या मायेने म्हणालीस, आता तो शाळेत जात असेल ना? मग मला त्याला शाळेत घालावंच लागलं."

सूनबाईला धड रडताही येईना की हसताही. तिने विचारलं, "आणि तुमचे मिस्टर?"

"दोघांचं लक्षात ठेवणं जड जायला लागलं," बाई म्हणाल्या. "म्हणून एकाला मोकळं केलं. तू त्या दिवशी माझा हात धरून इतकी रडलीस की मलाच त्याच्याबद्दल वाईट वाटलं."

मी ऐशीच्या घरातला माणूस. पूर पाहिलाय, आग पाहिलीय, माझ्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याच्या घराचं छप्पर उडालेलं पाहिलंय. पण असा कधी गार पडलो नव्हतो. ज्याच्यासाठी हळहळलो तो माणूस मेला नाही, कारण जगलाच नाही.

संध्याकाळी नातू दुकानातून आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, झकास चालतं. त्याला सांगितलं तर आधी पोट धरून हसला. मग एकदम थांबला. म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं हरलो तरी कुणाशी?"

आमच्या चिरंजिवांचं, म्हणजे माझ्या मुलाचं, डोकं वेगळ्याच वाटेने चाललं. बायकोला म्हणाला, "हे बघ, कुणाला काही बोलू नकोस. मुलगा परदेशात गेला, आईशी पटत नाही, नंबर देत नाही, असं लिहून टाक. संपलं."

"मी खोटं लिहू?"

"मग खरं सांग आणि काय होतं ते बघ. कोण विश्वास ठेवणार आहे? म्हणतील, ही बाई कधी गेलीच नाही त्या घरी. घरी बसून चहा पीत मनानेच लिहिलं. निवृत्तीच्या तोंडावर तोंडाला काळं लागेल."

मुलगा माझाच, पण इतक्या सराईतपणे एका माणसाला परदेशी धाडताना बघून मला धक्काच बसला. तरी तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. त्या कामात याहून मोठी नामुष्की नाही. घरी बसून लिहिलं, असा शिक्का एकदा बसला की तिने उन्हातान्हात चढलेल्या सगळ्या जिन्यांवर पाणी पडलं. सकाळी सूनबाईने मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं.

मॅडम दुपारी स्वतः घरी आल्या. आमच्या बैठकीत त्या लाकडी खुर्चीत बसल्या, पण पाठ टेकली नाही. त्यांचाही रंग उडाला होता. पुस्तकातली ती पानं त्यांची. नातू पाणी घेऊन आला तो तिथेच दाराशी उभा राहिला. मीही पेपर धरून बसलो होतो. उलटा होता की सुलटा, देव जाणे.

"हे घर काढून टाकावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या फेरीपासून सगळं रद्द. आणि स्पष्टच बोलते, राग मानू नका. संस्थेच्या समितीतले लोक मला आत्ताच म्हणाले, तुम्ही हे घरी बसून लिहिलं असणार. मी त्यांना काय सांगू?"

माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. बघ, मी म्हणत नव्हतो, असं त्याचं तोंड. मला वाटलं, आता ही कोसळणार.

सूनबाईने पदर नीट केला, दाराशी उभ्या असलेल्या पोराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सांगा त्यांना, घरी बसून लिहिलं असतं तर इतका गुणी मुलगा मला सुचला असता का? माझ्या घरातला नमुना समोर उभा आहे, त्याच्यावरूनच उतरवला असता. आणि घर काढू नका, मॅडम. बाईंनी माणसं खोटी सांगितली, पण दर वेळी दार तर उघडलं ना. मागचं सगळं खोडा, माणूस एक असं लिहा, आणि पुढच्या फेरीला जी जाईल तिला म्हणावं, त्या एका माणसाचं तरी नीट विचार. मला ते सुचलंच नाही."