साहेब, नळी समोर

नेमबाजी केंद्रावर सगळे तिला गोडबाई म्हणायचे. कोणी भरलेलं पिस्तूल हातात घेऊन इकडेतिकडे बघू लागला, की ती शेजारी जाऊन हळूच म्हणायची, "साहेब, नळी समोर ठेवता का?" आवाज चढवणं नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. लोकांना वाटायचं, बाईचा स्वभावच मऊ. डोंबलाचा मऊ! बारा वर्षं ती एका माणसाची वाट बघत होती.

तो माणूस म्हणजे कंत्राटदार. बारा वर्षांपूर्वी इथंच तिचा भाऊ निशाण्याचे कागद बदलायचं काम करायचा. एकदा त्यानं नेमबाजांच्या पाठीमागे आखलेल्या पिवळ्या रेघेमागूनच कंत्राटदाराला विचारलं, "साहेब, नवे कागद लावू का?" कंत्राटदार पिस्तुलासकट गर्रकन वळला आणि गोळी भावाच्या गुडघ्यात घुसली. चौकशीत कंत्राटदारानं बेधडक ठोकून दिलं, की पोरगाच रेघ ओलांडून पुढे आला. त्याच्या दोन मित्रांनी माना डोलावल्या. भावाची नोकरी गेली, पाय कायमचा आखडला. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू तोच म्हणायला लागला, "गेलो असेन गं पुढे. इतके जण खोटं कशाला बोलतील?" हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती हे काम शिकली, परीक्षा दिल्या, याच केंद्रावर सुरक्षा अधिकारी झाली. आणि एका सकाळी कंत्राटदार पुन्हा नेमबाजीला आला. केस पांढरे झालेले, तोरा तोच. त्यानं तिला ओळखलं नाही. कामगाराची बहीण कोण लक्षात ठेवतो?

केंद्राचा नियम साधा होता. एका दिवसात तीन चुका नोंदल्या, की सभासदत्व कायमचं रद्द. पहिली चूक त्यानं दहा मिनिटांत केली. गोळ्या भरताना बोट घोड्यावर. "साहेब, बोट बाहेर ठेवता का?" तिनं विचारलं आणि वहीत लिहिलं. दुसरी, लोक कागद बघायला पुढे गेलेले असताना यानं पिस्तूल उचललं. "साहेब, सगळे परत येईपर्यंत हात नको लावू या." तेही लिहिलं. मग मात्र लेकाचा सुतासारखा सरळ झाला. वेळ संपत आली, पाचच गोळ्या उरल्या. आज सुटला तर पुन्हा कधी सापडणार?

नेम धरलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे ती नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. अधिकाऱ्यानं ते केलं तर त्याची नोकरी जाते. तिनं शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या असल्याचं बघितलं. आपल्या मागे भिंतच आहे ना, तेही बघितलं. त्यानं घाम पुसायला एका कानावरचं आवरण सरकवलं, तेवढ्यात ती रेघेमागे उभी राहून म्हणाली, "साहेब!"

तो गर्रकन वळला. नळी थेट तिच्या पोटावर, बोट घोड्यावर. ती हलली नाही.

"साहेब, नळी समोर. कृपा करून."

सगळे थिजले. दुसऱ्या अधिकाऱ्यानं धावत येऊन पिस्तूल काढून घेतलं. कंत्राटदार लालबुंद झाला. "माझी काय चूक? मागून हाक मारली की माणूस वळणारच! तेव्हा तो पोरगाही असाच मागून ओरडला आणि मला भोगावं लागलं!"

"मागून?" तिनं विचारलं. "रेघेच्या मागून?"

"मग काय पुढून? मागेच तर उभा होता मूर्ख!"

म्हणाला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सात जणांनी ऐकलं होतं. तिनं तिसरी चूक नोंदली आणि वही त्याच्यापुढे धरली.

"हेच इथं लिहून द्या, साहेब. सावकाश. आम्हाला घाई नाही."

आधी तो तयार होईना. मग सातही जणांनी सह्या केल्या, तेव्हा नाइलाजानं त्यानंही लिहून दिलं. खाली तिनं स्वतःची चूक नोंदली आणि केंद्राच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

बाहेर येऊन तिनं भावाला फोन लावला, सगळं सांगितलं, वहीतल्या त्या पानाची नक्कल वाचून दाखवली. तो भडकलाच. "भरलेल्या पिस्तुलासमोर उभी राहिलीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

तिनं कंत्राटदाराचं वाक्य पुन्हा वाचलं. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी रेघेच्या मागेच होतो?"

"मागेच होतास, दादा."

मग तो रडायला लागला.