डावीकडे चिकटलेली रक्कम

माझी मावशी डूख धरणारी बाई आहे आणि मला तिचं ते फार आवडतं. क्षमा करणारी माणसं आमच्या घरात पुष्कळ आहेत. त्यांना कोण विचारतं?

फर्निचरच्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं कोटेशनं टाइप केली. मग मालकांचे जावई मॅनेजर म्हणून आले. मोठ्या रकमेला मान हवा, म्हणून जावईबापू एक्सेलमध्ये लाखांच्या आकड्यापुढे स्वतःच्या हाताने ‘रु.’ लिहायचे. असं लिहिलं की एक्सेल त्या आकड्याला अक्षरं समजतं आणि बेरजेत धरतच नाही. खरी रक्कम रकान्यात उजवीकडे टेकते, ही डावीकडे चिकटते. मावशी रोज गुपचूप ते ‘रु.’ खोडून सेलला चलनाचा फॉरमॅट द्यायची. चिन्हही दिसायचं, बेरीजही जुळायची.

एकदा त्यांनी तिला पकडलं. सगळ्या ऑफिससमोर ओरडले, "टायपिस्टने टायपिंग करावं! माझ्या फायलीतल्या एकाही आकड्याला हात लावायचा नाही."

"तेवढं लेखी द्या, साहेब."

त्यांनी तोऱ्यात लिहून दिलं आणि तिचं टेबल संडासाशेजारच्या गोदामात हलवलं. एकोणीस वर्षांची अब्रू एका दुपारी गेली. मावशी रडली नाही. घरी कढई मात्र अशी घासायची, की बुडाला भोक पडेल असं वाटावं.

तीन महिन्यांनी शाळेच्या बाकांचं मोठं काम निघालं. जावईबापूंचं कोटेशन प्रिंटसाठी मावशीकडे आलं. लाकडाची अख्खी रक्कम डावीकडे चिकटलेली तिला उघडताक्षणी दिसली. तिने प्रिंट काढली, स्टेपल मारली, पाठवून दिली.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. तीन महिने वाट बघावी लागली त्याचं."

काम अर्थातच मिळालं. लाकूड फुकट देणारा दुसरा कोण भेटणार? चूक कळल्यावर मालक जावयाला घेऊन तणतणत गोदामात आले. "बाई, तुम्हाला हे दिसलं नाही?"

मावशीने ड्रॉवरमधून ती चिठ्ठी काढून पुढे ठेवली. मालकांनी ती दोनदा वाचली.

"उद्यापासून प्रत्येक फाईल तुम्ही तपासायची," ते म्हणाले. "तुमच्या जुन्या जागेवर बसून."

"तपासते. पण लेखी द्या. यांच्याच हातचं."

मालकांनी खिशातलं पेन काढून जावयापुढे धरलं. गोदामात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मावशी बसली होती. जावईबापूंनी उभ्यानेच लिहिलं.