आक्का आणि फवारणीचं विमान

आक्काला विमान ऐकू आलं होतं का?

मला माहीत नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, तरी माहीत नाही.

आक्का म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. मागच्या सोमवारी सकाळी गेली.
मला अजून रडू आलेलं नाही. भांडी घासते, येणाऱ्यांना चहा देते, फोन चार्जिंगला लावते.

बहात्तरच्या दुष्काळात आक्का चौदा वर्षांची होती. तलावाच्या कामावर दगड वाहायची. सुरुंग उडाला तेव्हा ती फार जवळ होती.
दोन्ही कान गेले.
चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे वाचता यायचं. बोलायचीही, फक्त फार मोठ्याने.

विमान आलं ते त्यानंतर दहाएक वर्षांनी. तेही वर्ष कोरडंच.
तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेने पिकावर औषध फवारणारं विमान बोलावलं होतं, शेतकऱ्यांना प्रात्यक्षिक दाखवायला. कळंबच्या अलीकडे, उघड्या माळावर. औषधाऐवजी साधं पाणी फवारणार होते.

अख्खं गाव चालत गेलं. बाबा तेव्हा दहावीत होते. पुढचं सगळं त्यांनीच सांगितलेलं.

विमान नऊला येणार होतं. बारा वाजले तरी पत्ता नाही.
कितीतरी माणसं कंटाळून परत फिरली. त्यांना ते वाटेत, पाठीमागून ऐकू आलं. ती माणसं पुढे कित्येक वर्षं चिडून होती.
संस्थेची मोठी मंडळी मांडवात खुर्च्यांवर बसली होती. विमान बरोबर मांडवावरून गेलं. त्यांना दिसलं ते कापड.
गाड्या जुंपून आलेल्यांनी तर काहीच पाहिलं नाही. बिथरलेले बैल धरण्यातच त्यांचा वेळ गेला.

मोतीबिंदू झालेले एक म्हातारबा विचारत होते, "कुठंय? कुठंय रं?"
"गेलं की, आज्जा."
"मग बोलवा की माघारी त्येला!"

पाणी फवारलं तेव्हा एक बाई ओरडली, "हितं घागरीत थेंब न्हाय, आन् हे वरून शिंपडतंय व्हय!"
पोरं मात्र तोंडं उघडी ठेवून त्याच थेंबांखाली पळत होती.

आवाज माळभर घुमायचा. त्यामुळे जो तो भलतीकडेच वळायचा, आणि सापडेपर्यंत विमान पुढे गेलेलं असायचं.

आक्का झेंडेवाल्याकडे बघत होती.
विमानाने कुठून जायचं हे दाखवायला एक माणूस पांढरा झेंडा घेऊन उभा होता. तो झेंडा हलवून बाजूला पळाला की विमान येतं, हे तिने पहिल्याच फेरीत ओळखलं. पुढच्या सगळ्या फेऱ्या तिने अगदी सुरुवातीपासून पाहिल्या.
एवढ्या गर्दीत तेवढ्या नीट बहुतेक कुणीच पाहिल्या नाहीत.

शेवटच्या फेरीला विमान इतकं खाली आलं की बायकांचे पदर उडाले.
आक्काने एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्याने बाबांचा दंड धरला.

"ऐकू आलं! आरं, मला ऐकू आलं!"

सगळा माळ विमान सोडून तिच्याकडे बघायला लागला.

त्या वर्षी तिला एक स्थळ आलं होतं. "कानाचं काही होत असलं तर कळवा," असं ती माणसं सांगून गेली होती.
आजोबांनी आठवड्याच्या आत तिला सोलापूरला डॉक्टरांकडे नेलं. बाबा सोबत.

डॉक्टर तिच्या मागे उभे राहून काहीतरी वाजवणार. ऐकू आलं की तिने हात वर करायचा.
आक्काने हात वर केला.
पुन्हा केला.
दर वेळी केला.

शेवटी डॉक्टर आजोबांना म्हणाले, "मागच्या तीन वेळा मी वाजवलंच नव्हतं."

स्थळ तिथेच संपलं.
पुढे गावात कुणी शिंकलं तरी लोक हात वर करून तिला दाखवायचे. "आक्का, आलं का ऐकू?" तीही हसायची.
पण विमानाचं तिने सोडलं नाही.
"दवाखान्यात म्या खोटं बोलले. माळावर न्हाय."

आई दिवसभर मजुरीला जायची. मला आक्कानेच वाढवलं.
माझ्या पाठीवर तळवा ठेवून ती माझे पाढे ऐकायची. चुकले तर तिला कळायचं नाही. गप्प बसले तर लगेच कळायचं.

आणि मी काय केलं?
कॉलेजच्या पहिल्या वर्षी वहीत लिहून दिलं. 'आक्का, ते ऐकणं नव्हे. ती हवेची कंपनं. ती छातीला जाणवतात.' खाली कानाची आकृती काढली. भाग दाखवून नावंही दिली.

तिने दोनदा वाचलं.
"व्हय का," म्हणाली. "बरं."

त्यानंतर तिने मला विमानाची गोष्ट कधीच सांगितली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

काल रविवारी तिचं पुण्यानुमोदन झालं. आम्हा बौद्धांत त्या वेळी गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचतात. घरात शिकलेली मी, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

बाबा म्हणाले, "विमानाचं नको घालू. मेल्यावर तरी हसू नये लोकांनी तिला."
मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? आलं होतं का तिला ऐकू?"
बाबांनी स्वतःच्या दंडावर हात ठेवला.
"माझा दंड धरला होता तिनं," म्हणाले. "लई जोरात."

परिचयाच्या कागदावर मी शास्त्रीय खुलासा लिहिला होता. चार ओळी, चांगल्या जमलेल्या.
वंदना झाली, माझं नाव पुकारलं. उभं राहण्याआधी मी त्या चारही ओळी खोडल्या.

वाचलं ते असं. तिचं नाव. चौथी पास. तलावाचं काम. एका कोरड्या वर्षी माळावर विमान आलं, ते तिला ऐकू आलं.

मागे कुणीतरी हसलं. मी पुढचं वाक्य वाचलं.

जय भीम, आक्का.