जाऊबाईंचा बसलेला घसा

मला राग आला की मी भांडी घासते. त्या हिवाळ्यात आमच्या घरातलं एकही पातेलं काळं उरलं नव्हतं. पातेल्यांचा काही दोष नव्हता, दोष होता मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमच्या वन्सं ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायच्या त्याचे मालक, आणि वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आता जो तो सांगत सुटलाय, की बाईंचं डोकं फिरलं आणि भर कार्यक्रमातून उठून गेल्या. डोकं फिरलं म्हणे! काय झालं ते मला माहीत आहे, कारण त्यातला अर्धा उद्योग माझा आहे.

वन्सं दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. यंत्रावर काचेच्या कडा घासून ती फ्रेममध्ये बसवायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आल्या की हातपाय धुऊन गिटार मांडीवर. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माझं सामान फार आहे हो, कोण ठेवून घेणार?"

सामान खरंच फार होतं. गिटारचा आवाज मोठा करणारा त्यांचा अ‍ॅम्प म्हणजे एक काळं, कपाटाएवढं धूड. कुठल्याशा हॉटेलातला नाचाचा हॉल बंद पडला तेव्हा त्यांनी तो उचलून आणलेला. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, मागची बाजू उघडी आणि आत काचेचे व्हॉल्व्ह, चालू केले की निखाऱ्यासारखे लाल होणारे. मी लग्न होऊन आले तेव्हा बाहेरच्या खोलीत खिडकीजवळची उत्तम जागा त्यानेच अडवली होती. घरात माझ्याआधी आलेला, मानाने माझ्यापेक्षा मोठा, येणारा जाणारा आधी त्याचीच चौकशी करणार. मला सख्खी जाऊ नव्हती. मी त्याला थोरल्या जाऊबाई म्हणायला लागले, आणि पुढे सगळा ऑर्केस्ट्राच म्हणायला लागला.

जाऊबाईंचं सोवळं फार. बंद करताना आधी स्टँडबायचा खटका, मग मेन. आणि वाजवणं संपलं की लगेच हलवायचं नाही, गरम व्हॉल्व्हना धक्का सोसत नाही. त्यामुळे कार्यक्रम संपून गायक, ढोलकीवाले, खुर्च्या उचलणारे सगळे घरी गेले, तरी रिकाम्या स्टेजवर आम्ही दोघी जाऊबाई निवायची वाट बघत बसलेल्या. वन्सं थर्मासमधला चहा ओतायच्या. काच हाताला सोसवेल इतकी गार झाली की म्हणायच्या, "वहिनी, कडी धर." एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. माझा नवरा मदतीला यायचा, पण पहिल्याच पायरीला कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. त्याला आम्ही हिशेबात धरत नव्हतो.

आणि आवाज? मी काही गाण्यातली जाणकार नाही. पण वन्संनी एक तार छेडली की खिडकीच्या काचेपर्यंत खोली भरून जायची आणि तरी स्वयंपाकघरातलं माझं बोलणं ऐकू यायचं. भरलेला आवाज, पण कुणाच्या अंगावर न येणारा. अगदी वन्संसारखा.

तर हे ओझं मास्तरांच्या डोळ्यात खुपायला लागलं. टेम्पोत जागा खातं, छोट्या हॉलमध्ये कान फोडतं, एक ना दोन. एक दिवस ते साउंडवाल्याला आणि एका नव्या यंत्राला घेऊन घरी आले. चपलांच्या खोक्याएवढं यंत्र, त्याला प्रोफायलर म्हणतात. अ‍ॅम्पसमोर माइक लावायचा, यंत्राने अ‍ॅम्पमधून चित्रविचित्र आवाज काढून घ्यायचे, ते परत ऐकायचे आणि अ‍ॅम्प कसा बोलतो ते फाइलमध्ये साठवून ठेवायचं. मग गिटार त्या यंत्राला जोडली की झालं. रेकॉर्डिंग असो, स्टेज असो, अ‍ॅम्प घरी.

वन्सं रागावतील असं मला वाटलं होतं. कसल्या रागावतात! त्यांना यंत्रांचं भारी कौतुक. "म्हणजे जाऊबाई घरी आराम करणार आणि त्यांचा आवाज माझ्या पिशवीतून जाणार?" म्हणून हसल्या. फक्त एक अडचण होती. त्या आठवड्यात जाऊबाई आजारी होत्या. एक व्हॉल्व्ह म्हातारा झाला होता, आवाज घोगरा आणि चेपलेला येत होता. नवा मागवला होता, तो यायचा होता.

"मास्तर, आज घसा बसलाय तिचा," वन्सं म्हणाल्या. "थोडे दिवस थांबा."

"रेकॉर्डिंग तोंडावर आलंय हो. आत्ता हाच पकडू. नवा व्हॉल्व्ह आला की पुन्हा पकडू, माझा शब्द."

माइक लागला. यंत्राने आधी सूं केलं, मग टर्र, मग पत्र्यावर वाळू ओतावी तसं काहीतरी. शेजारीण दाराशी येऊन विचारून गेली, की नळ दुरुस्त करताय का. मग साउंडवाल्याने वन्संना वाजवायला लावून बटण दाबलं: हा अ‍ॅम्प, हा डबा, हा अ‍ॅम्प, हा डबा. मला तर काडीचा फरक कळेना. वन्संनाही कळला नाही. "तंतोतंत," त्या म्हणाल्या, "खोकल्यासकट!"

त्याच आवाजात गाणी रेकॉर्ड झाली आणि नशीब बघा, ती गाजली. रिक्षात, सलूनमध्ये, लोकांच्या फोनवर, जिथे तिथे तीच घोगरी गिटार. काय दर्द आहे म्हणे आवाजात! दर्द कसला, मेलेला व्हॉल्व्ह तो. मास्तरांनी लगेच दुसरा संच उभा केला, त्यात एक जाडा गिटारवाला घेतला आणि ती फाइल त्याच्या डब्यात टाकून दिली. वन्सं इकडे वाजवत असायच्या तेव्हा तिकडे जाड्याही वन्संच्याच आवाजात वाजवत असायचा. विचारलं कुणी? कुणीही नाही.

नवा व्हॉल्व्ह आला, जाऊबाई खणखणीत बऱ्या झाल्या. वन्सं शब्दाची आठवण करून द्यायला मास्तरांच्या तालमीच्या खोलीवर गेल्या. मी बरोबर होते.

"बाई, आता तो आवाज बदलून कसं चालेल?" मास्तर पेटीवरची बोटं न थांबवता म्हणाले. "लोकांना तुमचा आवाज म्हणजे तोच माहीत आहे."

"तो माझा नाही, तो आजारी अ‍ॅम्पचा आहे."

"लोकांना काय त्याचं?"

वाटेत वन्सं नेहमीपेक्षा भराभर चालत होत्या. "दुकानात असंच होतं," त्या एकदम म्हणाल्या. "माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा लावतो. बरोबर नंबर दिला की म्हणतो, हा नको, यात डोकं दुखतं, जुनाच द्या. पण म्हणून मी जुनाच बसवून देते का? एकदा तरी नीट ऐकू दे ना लोकांना. एकदा! मग म्हणोत काय ते." मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरी जाऊन मी तवे काढले.

मग मोठा कार्यक्रम ठरला. शहरातला सगळ्यात मोठा हॉल, दुपारचा प्रयोग, आणि सगळा रेकॉर्ड होऊन बाहेर येणार होता. दर्शनी भागात वन्संचा गिटारसकट फोटो. वन्संनी अट घातली: "जाऊबाईंना घेऊन वाजवीन, नाहीतर नाही." मास्तर लगेच हो म्हणाले. ते इतक्या पटकन हो म्हणाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

आम्ही दोघींनी जाऊबाईंना स्टेजवर चढवलं. समोर माइक उभा राहिला. वन्संनी नवी साडी नेसली होती, आणि व्हॉल्व्ह लाल झाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही परीक्षेचा निकाल लागणार आहे. मी जाऊन हॉलच्या मधोमध बसले.

पहिलं गाणं सुरू झालं. गिटार आली. घोगरी. चेपलेली. तीच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वन्सं स्टेजवरून भुवया उंचावून मला विचारत होत्या, कसं वाटतंय? मी कसंबसं हसले. दुसरं गाणं, तिसरं गाणं, तोच आजारी आवाज. मध्यंतर होताच मी मागच्या साउंडवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"हा आवाज कुठून येतोय?"

तो इकडे तिकडे बघायला लागला. मग म्हणाला, "काकू, गिटारच्या वायरचे दोन फाटे केलेत. एक जातो तुमच्या अ‍ॅम्पमध्ये, एक माझ्या डब्यात. हॉलमध्ये डब्यातलाच सोडलाय. रेकॉर्डही तोच होतोय."

"आणि तो अ‍ॅम्पसमोरचा माइक?"

"तो बंद आहे. तो बाईंसाठी आहे."

"बाईंसाठी म्हणजे?"

"म्हणजे... बाईंना बरं वाटावं म्हणून. मास्तर म्हणाले, कुणाला कळतंय!"

मी स्टेजमागे धावले. वन्सं थर्मासमधून चहा ओतत होत्या, खूश होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "अगं, माझ्या कानाशी वाजतेय ती. मला कळणार नाही का? तुला हॉलमध्ये तसं वाटलं असेल."

"तुम्ही एकदा बाहेर येऊन ऐका."

"मी बाहेर येऊन ऐकलं तर वाजवणार कोण?"

तेवढ्यात घंटा झाली. त्या चहा तसाच ठेवून गेल्या. मास्तर पडद्याआडून माझ्याकडे बघत होते, आणि मी गप्प बसावं असं त्यांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. मला! ज्या बाईने वर्षानुवर्षं ते धूड जिन्यांवरून चढवलं उतरवलं, तिला. अ‍ॅम्पची वायर स्टेजच्या कडेला ज्या बोर्डात लावली होती, ती मीच लावली होती. वन्सं गाण्यात शिरल्या, डोळे मिटून वाजवायला लागल्या, आणि मी प्लग उपटला.

जाऊबाईंचा लाल दिवा विझला. वन्संच्या कानामागचा आवाज थांबला. त्यांनी दचकून मागे पाहिलं, पण बोटं सवयीने पुढे गेली होती, आणि हॉलमध्ये गिटार जशीच्या तशी वाजत होती. घोगरी, दर्दभरी, लोकांच्या आवडीची. त्यांनी एक तार हळूच छेडली. हॉलमध्ये ती मोठ्याने वाजली. मग त्यांनी तळहात सगळ्या तारांवर दाबून धरला.

गायिका दोन ओळी एकटीच गायली आणि थांबली. मास्तर पेटीवरून खुणा करत होते, वाजवा, वाजवा. वन्संनी गिटार गळ्यातून काढली, पाठीला लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वहिनी, कडी धर."

"वन्सं, गरम आहे अजून."

"धर म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही जाऊबाई तापलेल्या उचलल्या. मागच्या दाराने, उतारावरून, जिथे गाड्यांमध्ये सामान चढवतात तिथे आणून ठेवल्या. टेम्पोवाला कुठे गेला होता देव जाणे. ऊन लख्ख होतं. वन्संच्या मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. "बरं वाटावं म्हणून," त्या म्हणाल्या. साउंडवाल्याचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं तेव्हा त्यांनी कानाआड केलं असं मला वाटलं होतं. "लहान मुलाच्या हातात खुळखुळा देतात तसा माइक दिला मला. आणि तू गं? प्लग काढायच्या आधी स्टँडबाय बंद करायचा, हे कितीदा सांगितलंय? व्हॉल्व्ह नवा आहे."

आणि तेवढ्यात आत गिटार सुरू झाली. वन्संचाच आवाज, तोच घसा. पहिल्या रांगेत आपली गिटार घेऊन बसलेल्या जाड्याला मास्तरांनी स्टेजवर चढवलं होतं, हे मागाहून कळलं. आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

फाटकाजवळ रखवालदाराची केबिन होती, तिच्या भिंतीवर पंख्यासाठी एक बोर्ड होता. वन्संनी पंख्याचा प्लग काढून जाऊबाईंचा लावला, खटके टाकले, व्हॉल्व्ह लाल होण्याची वाट पाहिली. मग गिटार जोडून त्या अ‍ॅम्पच्या कडेला टेकल्या आणि तेच गाणं आतल्यांच्या बरोबरीने वाजवायला लागल्या. खणखणीत, भरलेलं. टेम्पोंच्या रांगेत झोपलेला एक ड्रायव्हर उठून बसला. मला रडू फुटलं, ते रागाचं होतं की कशाचं मला माहीत नाही.

केबिनमधला रखवालदार धावत बाहेर आला. ओठांवर बोट ठेवून, कळवळून म्हणाला, "अहो ताई, आवाज कमी करा! आत गिटारवाल्या बाईंचा कार्यक्रम चाललाय. त्यांना त्रास होईल."

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण आम्ही जन्मात कधी अर्ध्याच्या पुढे नेलं नव्हतं, शेजाऱ्यांच्या भीतीने तिथे चिकटपट्टी लावलेली होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ती पट्टी काढ."

मी काढली, आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.